चितळाच्या वर

“...आणि चितळाचे ठिपके?” लच्चू आजानं विचारलं.

“पांढरे. कण्याशी सरळ ओळीत, कुशीवर विखुरलेले. नराच्या शिंगाला तीन फाटे. वाघ दिसला की पाय आपटतं, कूक करून ओरडतं. माकडं झाडावरून फळं टाकतात, म्हणून त्यांच्या खाली चरतं.” जैती एका दमात म्हणाली. “अजून किती विचारणार, आजा?”

“चितळाच्या वर काय असतं?”

“आभाळ!”

म्हातारा हसला. त्यानं आपलं धनुष्य काढून दिलं.

“चितळ घेऊन ये. मग हे तुझं.”

पाड्यावर आजवर कुठल्याच पोरीला धनुष्य मिळालं नव्हतं. जैती धावतच जंगलात शिरली.

ती आवळ्यावर चढली आणि माकडासारखी एकेक आवळा खाली टाकत बसली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कळप आला. पाच माद्या, एक नर.

तिनं बाण सोडला. तो मातीत घुसला. कळप झुडपांत पळाला.

चिडून ती बाण उपसायला खाली उतरली.

“कूक!”

झुडपाआड पाय आपटल्याचा आवाज. पुन्हा “कूक!”

जैती खारीसारखी झाडावर चढली. गवत हललं... आणि वाघ आला. मातीतल्या बाणाचा वास घेऊन तो निघून गेला.

बऱ्याच वेळानं कळप परत आला. नर बरोबर तिच्या पायाखाली उभा राहिला. कण्यावरची ठिपक्यांची ओळ मोजता आली असती, इतका जवळ.

बाण अजून दोन होते.

...

उन्हं कलताना ती परतली. रिकाम्या हातांनी.

“आलीस? मला वाटलं, चितळ इतकं जड की ओढतच आणतेस.”

“थट्टा नको, आजा.”

तिनं घडलं ते सगळं सांगितलं.

“दोन बाण होते ना?”

“होते.”

“मग काय केलंस?”

“आवळे टाकले. फांदीवर होते तेवढे सगळे. हात पोचेना तिथलेसुद्धा...” तिनं ओटी चाचपली. “ते खात होते. मी बघत बसले.”

म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, “चितळाच्या वर काय असतं?”

“आज मी होते.”

तिनं धनुष्य त्याच्या पायाशी ठेवलं. ओटीतून एक आवळा काढून त्याच्या हातावर ठेवला.

“एवढा तुमच्यासाठी ठेवला होता.”

त्यानं आवळा तोंडात टाकला. वाकला, धनुष्य उचललं आणि तिच्या खांद्याला अडकवलं.

“अहो, पण मी चितळ आणलं कुठे?”

आजानं आवळ्याची बी थुंकली.

“चितळानं तुला आणलं.”