शनीच्या कड्यावरची घसरगुंडी

एका गावात उल्हास नावाचा एक सलूनवाला होता. त्याचा हात मोठा हलका, पण जीभ त्याहून हलकी. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला बातमीविना परत पाठवणं त्याला पाप वाटे.

त्याच गावात सुनेत्रा नावाची एक हुशार बाई पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत बसून मोबाईलवर खेळायचा एक गेम तयार करत होती. गेम अवकाशातला. यान घ्यायचं आणि ग्रहाग्रहांवर हिंडून यायचं. नाव ‘नभपार’. गावाला केवढा अभिमान! पण वर्षांमागून वर्षं गेली, गेम काही येईना. विचारलं की सुनेत्रा म्हणे, “काम चालू आहे.” बस्स, एवढंच.

एवढ्यावर गिऱ्हाइकाचं समाधान कसं व्हायचं? एकदा पोस्टमन महादूने दाढीला साबण लावून घेता घेता विचारलं, “उल्हासभाऊ, एवढा वेळ का लागतोय ओ?”

उल्हास म्हणाला, “मोठं काम आहे ते. शनीभोवती कडं आहे ना, त्याच्यावरून घसरगुंडीसारखं घसरता येणार आहे म्हणे.”

म्हणे म्हणजे कोण म्हणे, ते महादूने विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत झाली असती, कारण ते उल्हासला नुकतंच, वस्तरा पुसता पुसता सुचलं होतं.

पुढे काही दिवसांनी गोविंदा शिंपी खुर्चीत बसला आणि म्हणाला, “ऐकलंत का? शनीवर घसरगुंडी आहे. आणि घसरताना चांदणं उडतं, पाण्यासारखं!”

उल्हासची कात्री थांबली. महादूला आपणच सांगितलेलं विसरून तो चक्रावला. ही तर आपल्या मनातली गोष्ट, गावाला कशी कळली? बराच विचार करून त्याने ठरवलं की बाहेरही लोक हेच बोलतायत, म्हणजे ते खरंच असणार. त्या दिवसापासून त्याने ‘म्हणे’ म्हणायचं सोडून दिलं.

मग काय, मंगळावर आठवडी बाजार भरला, गुरूच्या चंद्रावर पाऊस लागला. कोणती गोष्ट आपण सांगितली आणि कोणती ऐकली, याचा उल्हासच्या डोक्यात पार गुंता होऊन गेला.

आणि एके दिवशी गेम आला. साऱ्या गावाने मोबाईल उघडले. यान होतं, ग्रह होते, एकट्याने तरंगताना अंगावर काटा यावा असं अफाट आकाश होतं. पण घसरगुंडी नव्हती. चांदणं उडत नव्हतं. बाजाराचा तर पत्ताच नव्हता.

सलूनमध्ये संतापलेली माणसं जमली. गिरणीवाले तात्या म्हणाले, “शुद्ध फसवणूक आहे! उद्याच खोल्या खाली करायला सांगतो. लबाडाला माझ्याकडे थारा नाही.”

सगळ्यात जास्त चिडला होता उल्हास. पण सुनेत्राने हे नेमकं सांगितलं कधी, ते काही केल्या त्याला आठवेना. त्याने विचारलं, “तात्या, घसरगुंडीचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“या गोविंदाने.”

“आणि गोविंदा, तुला?”

“महादूने.”

महादू आरशात मिशा निरखत होता. “मला? मला तुम्हीच की ओ. याच खुर्चीत.”

तेव्हा कुठे उल्हासला सगळं आठवलं. गोंगाटात महादूचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या कानी गेलं नव्हतं. तात्यांनी चपला पायात सरकवल्या होत्या. गप्प राहिलं तर निभावून जाणार होतं. बोललं तर इतक्या वर्षांची पत जाणार, आणि समोरच नवं सलून उघडलेलं. मग तो टॉवेल खांद्यावर टाकून दारात आडवा उभा राहिला.

“तात्या, थांबा. सुनेत्राताईंनी कसलाच शब्द दिला नव्हता. कडं माझं. बाजारही बहुतेक माझाच. पावसाचं मलाच आठवत नाही. जाब विचारायचा तर मला विचारा.”

तात्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “उद्यापासून आमची दाढी समोर,” एवढंच म्हणून ते घरी गेले. बाकीचेही एकेक करून पांगले. गिरणीकडे कुणी गेलं नाही.

संध्याकाळी उल्हास एकटाच गिरणीचा जिना चढला. सुनेत्राने दार उघडलं.

“ताई, चुकलो. थापा मी मारल्या आणि बोल तुम्हाला लागले.”

सुनेत्रा रागावली नाही. तिने गोंधळून विचारलं, “म्हणजे ती घसरगुंडी तुमची होती, उल्हासदादा?”

“हो.”

“मी गावभर तेच ऐकत होते. गेम तेव्हा जवळजवळ तयार होता. म्हटलं, लोकांना एवढी हौस आहे तर घसरगुंडी घालायलाच हवी. मग दोन वर्षं त्या कड्याच्याच मागे घालवली. नाही जमलं हो.”

उल्हास मटकन जिन्यावर बसला. गेमला उशीर का होतोय, हे तो इतके दिवस साऱ्या गावाला सांगत होता. त्याला स्वतःला ते आज कळलं.

तात्पर्य: दुसऱ्याने न दिलेला शब्द आपण वाढवत नेला, तर त्याचं ओझं त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर चढतं, म्हणून जे आपल्याला ठाऊक नाही, त्याला ‘ठाऊक नाही’ म्हणावं.