विरजण

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला परोपकाराची तहान लागली. नाव पद्माकरशेठ कासार. दुकान मुलाच्या हाती सोपवले होते, गुडघे अजून धड होते, आणि घरात बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा चार लोकांच्या उपयोगी पडावे, असे पत्नीने सुचवले. सुचवले म्हणजे जवळजवळ घराबाहेर काढले. शेठ थेट आबांकडे गेले.

आबा हे त्या नगरातले एक म्हातारे गृहस्थ. ते एक मंडळ चालवत. उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबाला भाड्याची का होईना, पण पक्की खोली शोधून द्यायची, घरमालकाला मंडळाची हमी द्यायची आणि ते कुटुंब तिथे रुळेपर्यंत पाठीशी उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. आबांनी शेठना शिष्य करून घेतले आणि एक कुटुंब त्यांच्या हवाली केले.

मारुती धोत्रे आणि त्याची बायको कौसाबाई पाट्या-वरवंट्यांना छिन्नीने टाकी लावून पोट भरत. दोन लहान मुलींसह ते पुलाखाली राहत होते, त्याआधी बाजाराच्या ओट्यावर, त्याआधी आणखी कुठे. शेठनी धावपळ करून त्यांना एका चाळीत खोली मिळवून दिली. मग त्यांच्या दातृत्वाला पूर आला. भांडी दिली, सतरंज्या दिल्या, धान्य दिले, भिंतीवर लावायला घड्याळ दिले. काही ना काही हातात घेतल्याशिवाय ते त्या दारात कधी गेले नाहीत, आणि गेले की सगळीकडे नजर फिरवून सगळे ठीक आहे ना ते पाहून घेत.

ठीक मात्र काहीच नव्हते. दिलेली भांडी कागदात गुंडाळलेलीच होती. घरची बोचकी दाराशी बांधून ठेवलेली. खोलीत ओटा असून कौसाबाई मागच्या बोळात तीन दगड मांडून भाकरी भाजायची. आणि शेठच्या मनाला सर्वांत लागायचे ते हे, की दारावर थाप पडली रे पडली की ती बाई आधी बोचक्याला हात घालायची आणि मग दार उघडायची. आजवर तिच्या दारी, म्हणजे दार नसलेल्या दारी, जो कोणी आला होता तो उठवायलाच आला होता.

एका गुरुवारी तिने सांगून टाकले की, रविवारी मारुती हातगाडा आणणार आहे आणि ते परत पुलाखाली जाणार आहेत. शेठ चक्रावले. इथे काय कमी आहे, असे त्यांनी विचारले.

"कमी काय बी न्हाई, शेटजी," ती म्हणाली. "खोली चांगली हाय. पर दुसऱ्याची हाय. कवा ना कवा कोन तरी उठवनारच. त्यापरीस आपुनहून उठल्यालं बरं. पोरींना सवय लागायच्या आधी."

शेठ तरातरा आबांकडे आले. त्यांना रागही आला होता आणि रडूही येत होते, आणि व्यापाऱ्याला ही दोन्ही एकदम येणे अवघड जाते. त्या मुली पुन्हा पुलाखाली निजणार, आणि एकदा सोडलेली खोली घरमालक पुन्हा देणार नाही, हे त्यांना दिसत होते. आता एक कपाट घेऊन देतो म्हणाले, पंखा बसवतो म्हणाले, आणि शेवटी खुर्चीत बसून म्हणाले, "आबा, माझ्या सगळ्या उत्साहावर विरजण पडलं बघा."

आबा उठले, फळीवरची एक वाटी काढली आणि शेठच्या हातात ठेवली.

"विरजण म्हणालात ते बरं आठवलं," ते म्हणाले. "कपाट नको, पंखा नको. उद्या कौसाबाईकडे जा आणि वाटीभर विरजण मागून आणा."

शेठना वाटले, म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावे. मंडळाच्या कार्यालयात रोजच्या पंगतीसाठी दह्याची मडकी भरलेली असत. आणि जिच्या घरी दूधच येत नाही तिच्याकडे विरजण कुठले? शिवाय ज्या माणसाने जन्मभर गावाला भांडी विकली, त्याने रिकामी वाटी घेऊन दारोदार हिंडायचे? पण गुरूची आज्ञा. सोन्यासारखा संसार मोडायला निघालेली ती बाई आणि आंबट दह्याच्या नादी लागलेला हा म्हातारा, दोघांनाही मनातल्या मनात चार शब्द सुनावून ते शुक्रवारी गेले.

थाप पडताच नेहमीप्रमाणे बोचक्याची हालचाल ऐकू आली. दार उघडले. शेठनी पाठीमागे लपवलेली वाटी पुढे केली आणि मान खाली घालून विरजण आहे का म्हणून विचारले.

कौसाबाई वाटीकडे बघतच राहिली. "आमच्याकडं? विरजन?" मग तिला हसू फुटले. पदर तोंडाला लावला तरी ते आवरेना. हसता हसताच ती म्हणाली, "आज न्हाई, शेटजी. उद्या या."

शनिवारी गेले तर तिचा चेहरा उतरलेला. तिने गवळ्याकडून दूध घेतले होते. शेजारच्या मुमताजआपाचे दार आजवर तिने कधी वाजवले नव्हते, ते वाजवून चमचाभर विरजण आणले होते. दिलेले एक पातेलेही कागदातून बाहेर काढले होते. पण कित्येक वर्षांत दही लावले नव्हते, घाईघाईने उकळत्या दुधातच विरजण घातले आणि सगळे दूध नासले. मुमताजआपाने कपाळाला हात लावला म्हणे आणि दूध कोमट कसे ओळखायचे ते करंगळी बुडवून दाखवले. शेठ म्हणाले, राहू दे बाई. पण आता ती ऐकेना. "तुम्ही उद्या या," ती ठासून म्हणाली.

रविवारी शेठ सकाळीच पोहोचले. दारात हातगाडा उभा होता. मारुती पहिले बोचके उचलत होता, आणि कौसाबाई कोपऱ्यातल्या एका झाकलेल्या पातेल्यापुढे हात पसरून उभी होती.

"आज जमायचं न्हाई," ती नवऱ्याला सांगत होती. "रात्री गारठा हुता. अजून लागलं न्हाई. भांडं हलीवलं तर मोडंल."

"एका वाटी दह्यापायी गाडा माघारी धाडू का?"

"व्हय. शेटजींना शबुद दिलाय म्या." आणि शेठकडे वळून, "शेटजी, उद्या या."

मारुतीने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा पातेल्याकडे, आणि गाडेवाल्याला चहा पाजून परत पाठवले. पुढच्या रविवारी बघू, असे काहीसे तो पुटपुटला. त्याच्या आवाजात तितका जोर नव्हता.

सोमवारी दार उघडेच होते. बोचकी जागेवर नव्हती, त्यांतली लुगडी दोरीवर वाळत होती. शेठ सवयीने आत शिरू लागले, तोच आतून आवाज आला.

"चपला भाईर काढा, शेटजी. आत्ताच फरशी पुसलीया."

शेठ उंबऱ्यावर थबकले. त्या खोलीत ते इतक्यांदा आले होते, पण चपला काढायचे त्यांना कधी सुचले नव्हते. त्यांनी निमूटपणे चपला काढल्या. त्या क्षणी त्यांना जितका आनंद झाला तितका दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून ते आबांकडे आले आणि सारा वृत्तान्त सांगितला. आबा म्हणाले, "शेठ, तुम्ही रोज तिच्या दारी जात होतात ते देणारे म्हणून. देणारा दारात उभा राहिला की आतला माणूस आश्रित होतो, मग भिंती कितीही पक्क्या असोत. मागणारा उभा राहिला की आतला माणूस घरधनी होतो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. उघड्यावर राहणाऱ्याला उद्या आपण कुठे असू हे ठाऊक नसतं, म्हणून तो कुणाला 'उद्या या' म्हणत नाही. तिनं ते तुम्हाला तीनदा म्हटलं. खोली आपण दिली, पण घर तिनं त्या शब्दानं घेतलं."

शेठ ओशाळून हसले. "आम्ही दुकानात 'उद्या या' म्हणायचो ते माणसाला कटवायला," ते म्हणाले.

आपण कुणाला काही दिले असेल, तर एकदा त्याच्याकडे काही मागायलाही जावे. आबांनी मात्र असले काही सांगितले नाही. त्यांनी दह्यात बोट बुडवून चाखले, तोंड जरा वेडेवाकडे केले आणि वाटी शेठपुढे सरकवली.

"आंबट आहे," ते म्हणाले. "पण लागलंय घट्ट."