उनवशीचं वरचं कुंड

उनवशीला गरम पाण्याची तीन कुंडं आहेत, डोंगराच्या पायथ्याशी, एकाखाली एक. खालच्या दोन कुंडांत माणसं आंघोळीला उतरतात. वरच्या कुंडाला मात्र चारी बाजूंनी काळ्या दगडाची कमरेएवढी भिंत आहे आणि त्यात कुणी पाऊल घालत नाही. ते पाणी बारा महिने खदखदत असतं. तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून सोडावी आणि शेजारच्या कुंडाई देवीला एकवीस प्रदक्षिणा घालून यावं, तोवर भात तयार. देवीला नैवेद्य त्याच भाताचा.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिथं गेलो, तेव्हा पौष नुकता लागला होता. सासूबाईंचे गुडघे थंडीत फार धरतात, म्हणून चार दिवस ठरवून गेलो होतो. दिवसातून एकच एसटी, तीही फाट्यापर्यंत. पुढे पायवाट. देवळाची पूजाअर्चा ज्यांच्याकडे आहे त्या अनुसयामावशी गुरव यांच्या पडवीत आमची सोय झाली. सामान टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती दिस राहणार?"

"चार," मी म्हटलं.

"मग चारच. देवीसमोर बोलून ठेवा आणि चौथ्याला आंघोळ झाली की निघा."

सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "गुडघा म्हणाला की अजून एक दिवस, तर?"

"गुडघ्याचं काय, तो म्हणेलच," मावशी म्हणाल्या, "त्याला कुठं गावात घर आहे?"

त्या हसत नव्हत्या. संध्याकाळी चुलीपाशी बसवून त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं, आणि त्या सासूला तिच्या सासूने.

फार मागची गोष्ट. तेव्हा वरचं कुंड कोमट होतं असं सांगतात. सकाळी सोडलेल्या पुरचुंडीतले तांदूळ दुपार कलली तरी नुसते फुगायचे, शिजायचे नाहीत. त्या काळी घाटावरच्या एका गावातून सगुणा नावाची बाई खिंडीच्या वाटेने खाली उतरली. पाठीवर तिची अकरा वर्षांची मुलगी बांधलेली होती. लग्नानंतर कित्येक वर्षांनी, नवस बोलून झालेली, म्हणून तिचं नाव नवशी. आदल्या पावसाळ्यात मुलीला ताप आला, तो उतरला आणि जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. नवरा पूर्वीच परागंदा झालेला. सगुणेला त्या पोरीवाचून कुणी नव्हतं.

तिने देवीसमोर तांदूळ ठेवले आणि सगळ्यांच्या देखत बोलली, "आई, पौषातले एकवीस दिवस मी पोरीला तुझ्या पाण्यात उतरवीन. रोज मूठभर तांदळाचा नैवेद्य करीन. एकविसाव्या दिवशी उद्यापन करीन, तुझी ओटी भरीन, आणि तू देशील ते पदरात घेईन. माझ्या नवशीला पाय दे."

त्या वेळचे गुरव देवजी. त्यांनी अंगारा लावला, आणि व्रत सुरू झालं.

नवव्या दिवशी नवशी पाण्यात उभी राहिली. पंधराव्या दिवशी कुंडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालली. सगुणेच्या डोळ्यांचं पाणी खळेना. गावच्या बायका कौतुकाने बघायला यायच्या. कुणी तिळाचा लाडू आणायची, कुणी लुगड्याचं धडुतं. एकविसावा दिवस उजाडला. ओटीचा खण तयार होता, पाच सवाष्णी जेवायला सांगितल्या होत्या. नवशी पाण्यातून चालत पायरीपर्यंत आली, एक पायरी चढली, दुसरी चढली, आणि तिसरीवर, जिथं पाणी संपत होतं तिथं, तिचे पाय ओल्या धोतरासारखे खाली मिटले.

सगुणेने खण परत गाठोड्यात ठेवला. म्हणाली, "आजचा दिवस उद्यापन नको. अजून एक दिवस उतरवते."

देवजी म्हणाले, "बाय, दिवस तू बोलून ठेवलेस. व्रत फळलं नाही म्हणून उघडं ठेवता येत नाही."

"फळतंय, भाऊ! तुम्ही बघितलंत की! पाण्यात चालते ती. एवढ्यावर आलेलं सोडून जाऊ?"

सवाष्णी न जेवता घरी गेल्या.

बाविसाव्या दिवशी पुरचुंडी दुपारीच शिजली. सगुणेला वाटलं, देवी पावते आहे. चोविसाव्या दिवशी गुरं रानात जायच्या आत भात झाला. नवशी आता कुंडात भराभर चालायची, एकदा तर पाण्यातच गिरकी घेतली म्हणे. आई काठावरून टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी खालच्या ओहोळात मासे पोट वर करून तरंगत आले.

मग एकेक दिसायला लागलं. थंडीत पाटाच्या पाण्यावर घेतात ते वायंगणाचं भात लावलं होतं, त्याची रोपं मुळापासून पिवळी पडली. गुरवांच्या अंगणात कोंबड्या पाय ठेवीनात, नुसत्या कुडावर चढून बसायच्या. आंब्याला मोहोर आला होता, तो वाऱ्याशिवाय गळला. सगळ्या रानात थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघे, आणि वाडीतली जमीन मात्र हाताला ऊन लागत होती. सगुणा रोज सकाळी देवीपुढे म्हणायची, "आजचा एकच दिवस."

एकोणतिसाव्या दिवशी गावच्या विहिरीचं पाणी कोमट लागलं. पिण्याची विहीर ती एकच. तिसाव्या दिवशी गाईंनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही. कुणी सगुणेशी भांडायला गेलं नाही. मुलगी चालताना सगळ्यांनी पाहिली होती, म्हणून कुणाची जीभ रेटेना. पण बायकांनी हंडे उपडे घातले आणि पुरुषमाणसं गाठोडी बांधायला लागली. पाणी गेलं की गाव जातं. ते सांगावं लागत नाही.

एकतिसाव्या दिवशी सकाळी देवजी कुंडावर आले. झऱ्याच्या तोंडाशी पाण्याला बुडबुडे येत होते. तिथं पुरचुंडी सोडली आणि एक प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आत तांदूळ फुटून वर आले. नवशी समोरच्या कडेला, पायऱ्यांपाशी कमरेभर पाण्यात उभी होती. तिने ओठ घट्ट मिटले होते. आईने बघितलं की हसायची.

देवजी म्हणाले, "सगुणे, मी तुला काही सांगत नाही. तू फक्त पोरीचा परकर वर करून बघ."

सगुणेने पोरीला पायरीवर ओढलं आणि परकर गुडघ्यापर्यंत उचलला. पोटऱ्या लालबुंद झाल्या होत्या. घोट्यापासून वर फोड आले होते, काही जुने, काही कालचे.

"भाजतंय का ग?"

नवशीने परकर खाली ओढला.

"कधीपासनं?"

"झाले की आठ दिस."

"मग बोलली का नाहीस, मेले!"

"मी चालले की तू टाळ्या वाजवतेस ना," नवशी म्हणाली, "म्हणून."

सगुणेने तिचे दोन्ही पाय पदरात घेतले. मागे झऱ्याच्या तोंडाचे बुडबुडे पसरत अर्ध्या कुंडापर्यंत आले होते. देवजी ओरडले, "पोरीला उचल आधी!" तिने नवशीला कडेवर घेतलं आणि देवळाच्या भिंतीपाशी आणून ठेवलं. पण पाण्याचा आवाज काही थांबेना. कुंड भरून उसळत होतं आणि वाफेत देवळाचा कळस दिसेनासा झाला होता. देवजी हात जोडून म्हणाले, "व्रत तुझं आहे, बाय. पुरं तूच करायचं. बाकी कुणाला करता येत नाही."

उद्यापन करायचं म्हणजे काय, ते सगुणेला ठाऊक होतं. देवी देईल ते पदरात घेईन, असं ती बोलली होती. म्हणजे पोरीला पाय मिळाले नाहीत हेच पदरात घ्यायचं, आणि वर देवीला भरून पावले म्हणायचं. तोंड उघडायची आणि मिटायची. सूर्य डोंगरावर आला, झाडांच्या सावल्या आखडल्या, तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. एवढा वेळ नवशीने तिचा हात धरून ठेवला होता, असं सांगतात. शेवटी सगुणेने गाठोड्यातला खण काढला, देवीच्या पायांवर ठेवला आणि म्हणाली,

"आई, भरून पावले."

पाणी जिथवर चढलं होतं तिथंच थांबलं. थंड झालं नाही. पण त्याची आच पुढे वाडीत उतरली नाही, विहिरीकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशी गाई पाणी प्यायल्या.

सगुणा घाट चढून परत गेली नाही. गावाने तिला जागा दिली. गावानेच वरच्या कुंडाला भिंत घातली आणि माणसांसाठी खाली दोन कुंडं बांधली. नवशी पुढे चालली का? नाही चालली. पण सत्तर वर्षं जगली म्हणे, आणि खालच्या कुंडाच्या शेवटच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात द्यायची. दुखणी घेऊन आलेल्या किती बायकांनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं, त्याची गणती नाही. ती गेल्यावर हा मान गुरवांच्या सुनांकडे आला.

आजही उनवशीला हा नेम चालतो. जितके दिवस बोलून ठेवले असतील, त्यातल्या शेवटच्या आंघोळीनंतर गुरवीण पायरीवर उभी राहून हात देते. हात धरायचा, आणि दुखणं बरं झालं असो वा नसो, "भरून पावले" म्हणायचं. म्हटल्याशिवाय ती हात सोडत नाही. ज्यांचं बरं झालेलं असतं ते चटकन म्हणून जातात. पण पांगळं लेकरू कडेवर घेऊन आलेल्या आया, सुकत चाललेल्या नवऱ्याला घेऊन आलेल्या बायका, यांना फार वेळ लागतो. कुणाला दुपार होते. गुरवीण घाई करत नाही. पहिलीलाही वेळ लागला होता, एवढंच म्हणते.

चौथ्या दिवशी सासूबाई पायरीवर उभ्या राहिल्या. गुडघा होता तसाच होता. त्यांनी अनुसयामावशींचा हात धरला आणि वर भिंतीकडे पाहत राहिल्या. आमचे ओले कपडे पिळून झाले, गाठोडी बांधून झाली. फाट्यावरची एसटी चुकणार हे दिसत होतं. वरच्या कुंडात पाणी खदखदत होतं. मावशी हात धरून उभ्याच होत्या.