घोळ माशाचा चोर

किल्लेदार हैबतरावांच्या ताटात रोज खाडीतल्या माशांची बोटभर पिल्लं कुरकुरीत तळून पडायची. यंदा मात्र खोल दर्यात गेलेल्या होड्या घोळ मासा न मिळताच परतल्या. हैबतराव जेवता जेवताच कोळ्यांवर गरजले, "तुमच्यातलाच कुणीतरी घोळ चोरतोय. सापडू दे, हातच तोडतो."

चांगुणा कोळीण पुढे झाली. "हात कुणाचाही असला तरी, सरकार?"

"सख्ख्या भावाचा असला तरी. शब्द दिला."

"घोळ मोठा होऊन दर्यात जातो, पण त्याचं बाळपण या खाडीत सरतं. पिल्लूच तळलं, तर दर्यात जाणार कोण?"

हैबतरावांचा घास हवेतच राहिला. चिमटीतलं पिल्लू त्यांनी हळूच ताटात परत ठेवलं.

"घाई नाही, सरकार," चांगुणा म्हणाली. "आधी हात धुऊन घ्या."