एका अक्षराचा विषाणू

“एवढ्याशा फरकाला भ्यायचं कशाला, बाई?”

निनाद हसत म्हणाला. पपईच्या रोगावर तो सरोजिनी देवस्थळींच्या हाताखाली काम करत होता. जहाल विषाणूच्या जनुकातलं एकच अक्षर बदलून त्यानं सौम्य विषाणू तयार केला होता. हा रोपाला आधी टोचला की जहाल विषाणूला तिथं थारा मिळत नसे. पानांवर फिकट ठिपके येत, बस्स.

बाहेर टेम्पो उभा होता. टोचलेली रोपं न्यायला गिरधर आबा शहाद्याहून आले होते. गेल्या हंगामात त्यांची अख्खी बाग रोगानं बसली होती.

काचघराच्या कोपऱ्यातून एक रोप उचलून बाईंनी निनादसमोर ठेवलं.

शेंड्याची पानं आक्रसून सुतळीसारखी झाली होती.

“हे... जहाल विषाणूचं आहे. इथं कसं आलं?”

“कुंडीवरची चिठ्ठी वाच.”

त्यानं स्वतःच लिहिलेलं होतं. सौम्य.

“म्हणजे कुणीतरी सरमिसळ केली...”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून तपासून घेतलं. विषाणू तुझाच आहे. तू बदललेलं अक्षर तेवढं पुन्हा पहिल्यासारखं झालंय.”

“कुणी केलं?”

“कुणी नाही. स्वतःच्या नकला काढताना विषाणूचीच चूक झाली.”

निनादनं रांगांकडे पाहिलं. सगळी रोपं टवटवीत.

“पण बाकीची... बाकीची चांगली आहेत ना?”

“गेल्या आठवड्यात हेही चांगलंच होतं.”

बाहेरून आबांची हाक आली, “भरायला घेऊ का, भाऊ?”

ज्या हातांनी निनादनं सकाळी रोपं कुरवाळली होती, ते हात त्याला अंगापासून लांब धरावेसे वाटले.

...

मग तो बाहेर गेला. आबांना त्यानं सगळं सांगितलं. टेम्पो रिकामाच वळला.

संध्याकाळपर्यंत त्यानं एकूण एक रोप उपटून भट्टीत टाकलं. साबणानं कोपरापर्यंत हात घासले आणि बाईंसमोर येऊन उभा राहिला.

“संपलं, बाई. आता भीती उरली नाही.”

बाईंनी हात पुढं केला.

“मग काचघराची किल्ली माझ्याकडे दे. ज्याला भीती वाटते, त्याच्याकडेच ती राहील.”