इस्तंबूलची पंगत

“कुणी ओळखलं का गं तुला तिथं?”

“कुणीसुद्धा नाही, बुवा!” नलिनीबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांची मान आपोआप ताठ झाली.

“रस्त्यात?”

“रस्त्यात नाही, दुकानात नाही, बोटीत नाही. आठ दिवसांत ‘बाई, नमस्कार’ म्हणून एक माणूस आडवा आला नाही.”

“मग? बरं वाटलं?”

“फार बरं वाटलं.”

दौलतबुवा हसले. कृष्णाकाठच्या आपल्या मठाच्या ओसरीवर ते खांबाला टेकून, दुखरे गुडघे लांब करून बसले होते. आत चुलीवर आमटी उकळत होती. गुरुवार होता, पंगतीला अजून अवकाश होता.

आता हे इस्तंबूल कुठून आलं, ते सांगायला हवं.

बुवा थकले होते. आपल्यामागं बैठकीवर कुणी बसायचं हे ठरवायची वेळ आली होती. आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की नलिनी आवटी सोडून दुसरं नाव नाही. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बुवांचं निरूपण त्यांना तोंडपाठ. आणि गुरुवारच्या पंगतीत वाढायला इतकी वर्षं त्याच. सगळी पंगत उठली, की कोपऱ्यात उभ्याउभ्या दोन घास खायच्या. बाईंना मठात बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. लोक हे एकमेकांना सांगायचे. बाई न ऐकल्यासारखं करायच्या, पण अंगावर मूठभर मांस चढायचंच की!

बैठकीचा विषय निघाला तेव्हा बुवा म्हणाले होते, “जिथं तुला कुणी ओळखत नाही, तिथं आठ दिवस एकटी राहून ये. मग बोलू.”

बुवांच्या मनात फार तर बेळगाव असेल.

बाईंनी थेट इस्तंबूल गाठलं.

का, तर जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं होतं, ‘दोन खंडांत वसलेलं शहर.’ नकाशावर पट्टी ठेवून बॉस्फरसची सामुद्रधुनी दाखवली होती. स्वतः मात्र रत्नागिरीच्या पलीकडचा समुद्र पाहिला नव्हता. पुतण्यानं जीव तोडून सांगितलं, निदान एखाद्या ग्रुपबरोबर तरी जा. बाई म्हणाल्या, “बुवांनी एकटी सांगितलंय.” विषय संपला.

“बरं, सांग आता. काय काय केलंस?”

विचारायचाच अवकाश!

“साडी सोडली नाही, बुवा. साडीवर स्वेटर घातला, खाली बूट. सगळे वळून बघायचे. म्हटलं, बघा खुशाल! आणि एकालाही पत्ता विचारला नाही. नकाशा वाचता येतो मला. काय ते चढ, काय ते उतार! आपला पन्हाळा परवडला. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतली मांजरंसुद्धा ओळखीची झाली.”

“कुणी ओळखत नव्हतं म्हणालीस.”

“मांजरं हो!”

“असू दे, असू दे. पुढं?”

“सकाळी तीळ लावलेला गोल पाव घ्यायचा आणि बोटीत बसायचं. युरोपात चढायचं, आशियात उतरायचं. चहा असा, कंबर बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात. दूध नाही. पहिल्यांदा तोंड वाकडं झालं, मग आवडायला लागला. पलीकडे उतरून जरा हिंडायचं आणि परत पुढची बोट.”

“पलीकडे काय काम असायचं?”

“काही नाही. उगीच.”

“उगीच?”

“अगदी उगीच! एका दिवशी तर चारदा खंड बदलला मी.”

“वा!” बुवांनी मांडीवर थाप मारली. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो पाहून बाईंना गगन ठेंगणं झालं. साठी उलटलेली बाई, एकटी, परमुलखात, आणि कुठं अडली नाही, हरवली नाही, घाबरली नाही. अभिमान वाटावा असंच होतं ते.

“एका जुन्या मशिदीत डोक्यावर पदर घेऊन बसले,” त्या म्हणाल्या. “गालिच्यावर, भिंतीला टेकून. दुपार तिथंच गेली. कुणी उठ म्हणालं नाही, बस म्हणालं नाही.”

“आणि जेवण?”

इथं बाई सावरून बसल्या. खरी गोष्ट तर पुढंच होती.

“खोलीखालीच एक खानावळ होती, बुवा. मालकीण माझ्याच वयाची. नेरमिन नाव. मी मांस खात नाही हे हातवाऱ्यांनी सांगितलं, तर हात धरून तिनं मला खिडकीशी बसवलं. मसुराचं सूप, भात, भरलं वांगं. ताट रिकामं दिसलं की न विचारता आणून वाढायची. आणि समोर उभी राहून बघायची, खाते की नाही.”

“भली बाई दिसते.”

“भली म्हणजे काय! पण ऐका तर. शेवटचे दोन दिवस राहिले असतील. दुपारी ही गर्दी! तिचा वाढपी आलाच नव्हता. ती बिचारी एकटी, आत पळतेय, बाहेर पळतेय. लोक ताटकळलेले. मी आपली खिडकीशी बसून खातेय. मला घास गिळवेना, बुवा. उठले, पदर खोचला, आणि तिच्या हातातली थाळी घेतली!”

“अरे!”

“आधी नको नको म्हणाली. मग बघतच राहिली. कुणाला काय हवं, ते मी बोटानं विचारायची, ते बोटानं दाखवायचे. एकाचं ताट चुकलं नाही. दोन्ही दिवस सगळी खानावळ मी सांभाळली. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेरमिननं मिठी मारली, काहीतरी बोलली. शब्द कळला नाही, पण कळलं.”

मग बाई तेव्हापासून मनात जपलेलं वाक्य बोलल्या.

“जिथं मला कुणी ओळखत नाही, तिथंसुद्धा मी वाढलंच, बुवा. सेवा सुटली नाही.”

आता बुवा शाबास म्हणतील. आता बैठकीचं बोलतील.

“त्याआधीचे दिवस?” बुवांनी विचारलं.

“त्याआधी काय?”

“ती वाढत होती. तू बसून खात होतीस.”

“हो.”

“सूप कसं होतं?”

“मसुराचं.”

“मसुराचं कळलं. लागायचं कसं?”

“आपल्या आमटीसारखंच असेल…” त्या म्हणाल्या. “खरं सांगू? लक्ष नव्हतं माझं. तिची धावपळ बघवत नव्हती. सारखं वाटायचं, उठावं.”

“आणि वांगं?”

बाईंना सगळ्या शहराचे चढउतार आठवत होते, मांजरांचे रंग आठवत होते. वांगं आठवेना. त्यांना उगीचच राग आला.

“मागच्या गुरुवारी पंगतीचं कसं झालं?” त्यांनी विषय बदलला. “मी नव्हते. कुणी वाढलं?”

“ज्याला भूक लागली त्यानं वाढून घेतलं.”

“म्हणजे घोळच झाला असणार.”

“थोडा झाला. आमटी कमी पडली, हसू जास्त झालं.”

हे बाईंना झोंबलं. चांगलंच झोंबलं. एवढ्या वर्षांची पंगत, आणि आपल्यावाचून तिचं काही अडलं नाही?

“बुवा, तुम्ही सांगितलं ते मी केलं,” त्या म्हणाल्या. “बैठकीचं बोलू म्हणाला होतात तुम्ही.”

“बोलू की. आधी जेवू.”

घंटा वाजली. माणसं ओसरीवर ओळीनं बसली, पत्रावळी मांडल्या गेल्या. बाई सवयीनं उठल्या, पदर खोचला आणि आमटीच्या पातेल्याकडे निघाल्या.

“नलिनी. बस.”

“बसते ना, सगळ्यांचं होऊ दे.”

“आत्ता बस.”

असा आवाज बुवा सहसा काढत नसत. बाई ओळीच्या टोकाला मांडी घालून बसल्या. समोर पत्रावळ आली. हात कुठं ठेवावेत तेच त्यांना कळेना.

मग बुवा खांबाला धरून उठले. गुडघे कुरकुरले. मठाची रीत अशी, की बुवांनी बैठकीवर बसायचं आणि पहिलं वाढप त्यांच्या पानात पडायचं. बुवांनी भाताची परात उचलली तशी ओळीतली कुजबुज थांबली. दोघंतिघं मदतीला उठले, त्यांना बुवांनी नजरेनंच खाली बसवलं.

भात वाढून झाला; बाईंच्या पानात तो कधी पडला, ते त्यांना कळलंही नाही. बुवा आमटीचं पातेलं घेऊन निघाले. एकेक जण भाताला आळं करायचा, बुवा पळीनं आमटी ओतायचे, तो मुकाट्यानं कालवायला लागायचा. पातेलं जड होतं. बुवा दर दोन पानांनी थांबत होते, श्वास घेत होते, पुन्हा वाकत होते.

बाईंना बघवेना. शरम वाटत होती, राग येत होता, डोळे भरत होते. दोनदा त्या अर्धवट उठल्या, दोनदा बसल्या.

बुवा त्यांच्यासमोर आले. वाकले. पळी भरून पुढं केली.

बाईंनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

“नको, बुवा! तुम्ही नका वाढू मला. पाप लागेल. मी घेईन नंतर, सगळ्यांच्या मागून घेईन. आजवर कधी…”

पळी तशीच राहिली. वाफ बाईंच्या बोटांना लागत होती. बुवा मागं होत नव्हते.

ओळीतले सगळे जेवायचे थांबले होते.

“बुवा, ऐका माझं. भूकच नाही मला. निदान बैठकीवर तरी बसा तुम्ही. तुमची जागा आहे ती.”

बुवांनी पळी जरा आणखी पुढं केली.

“उद्या तिथं तू बसणार ना?” ते म्हणाले. “हात काढ.”