टेहळ्याचं फडकं

स्काउट म्हटलं की आपल्याला गळ्यात रुमाल बांधून कवायत करणारी शाळकरी मुलं आठवतात. होतकरू खेळाडू हेरणाऱ्यालाही हल्ली स्काउट म्हणतात. जुना अर्थ एवढा सुखाचा नव्हता. सर्वांच्या आधी पुढे जायचं, पाहायचं आणि परत येऊन सांगायचं. आपल्याकडे त्याला टेहळ्या म्हणत.

एकदा एका व्यापाऱ्याचा तांडा निर्जल मुलखातून चालला होता. तांड्याचा वृद्ध टेहळ्या आता थकला होता, म्हणून पुढे जाण्याचं काम त्यानं आपल्या शिष्यावर सोपवलं. रीत ठरलेली होती. पाणी सापडलं, तर टेहळ्यानं आपलं फडकं त्यात भिजवून आणायचं. ओलं फडकं दिसलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

शिष्य टेकडीवर चढला. दूरवर तळं चमकताना दिसलं. ऊन मी म्हणत होतं, पाय भाजत होते. इतकं स्वच्छ दिसतंय, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मनाशी म्हणत तो तिथूनच फिरला. तांडा जवळ आल्यावर त्यानं स्वतःच्या तुंब्यातल्या पाण्यानं फडकं भिजवलं.

ते पाहून लोकांनी उरलंसुरलं पाणी बैलांना पाजलं. तळ्याशी पोचले, तर तळं कोरडं ठणठणीत. चमकत होता तो तळावर साचलेला मिठाचा थर. खणून निघालेल्या मचूळ पाण्यावर बाकीचे तगले. व्यापाऱ्याच्या बायकोचं दूध मात्र आटलं, आणि तिचं तान्हं मूल गेलं. तेव्हा शिष्यानं सगळं कबूल केलं.

मुलाला पुरून झाल्यावर व्यापारी म्हणाला, “आजोबा, याला इथंच सोडा. मरू दे.”

वृद्धानं त्या आईपुढे हात पसरून बाळाचं दुपटं मागून घेतलं आणि शिष्याच्या हाती दिलं. “जा. आजपासून हे भिजवून आणायचं.”

“माझ्या लेकराचं दुपटं या खुन्याच्या हातात?” व्यापारी संतापला.

“त्याच्याच हातात, शेटजी. पुढे जाणाऱ्याला वाटतं, मी एकटा चाललोय. पण मागचे सगळे त्याच्या शब्दावर पाय ठेवून चालतात. यानं दोन कोस चालायचा कंटाळा केला आणि न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं. हे दुपटं हातात असताना तो पुन्हा तसं करणार नाही. दुसरा कोणी पाठवला, तर त्याला हे शिकवायला मी कोणाचं मूल मागू?”

शिष्य गेला. तिन्हीसांजेला परतला, तेव्हा त्याचे तळपाय फुटले होते आणि दुपटं कोरडं होतं.

“पूर्वेला पाणी नाही,” तो म्हणाला. “तिथं एक जुनी विहीर आहे, तिच्या तळाशी उतरून आलो.”

बाळाची आई पुढे झाली. तिनं दुपटं चाचपून पाहिलं, नीट घडी घातली आणि परत त्याच्या हाती दिलं. “उजाडलं की दक्षिणेला जा,” एवढंच ती म्हणाली. पूर्वेचं पुन्हा कोणी विचारलं नाही.

आपणही कोणाला ना कोणाला पुढची वाट सांगतच असतो. सांगण्याआधी तळाशी उतरून यावं.